गुणतालिकेतला पाचवा : शालेय लांब पल्ल्याच्या धावेचा इतिहास

१/
लांब पल्ल्याची धाव म्हटली की डोळ्यांपुढे एकटाच माणूस येतो. धापा टाकणारा, मागे-पुढे कोणी नसलेला. इंग्लंड आणि अमेरिकेतील शाळांनी मात्र या एकट्याच्या खेळाला सांघिक रूप दिले. त्यासाठी त्यांनी वापरलेले साधन म्हणजे एक साधा कागद : गुणतालिका. हंगामाच्या अखेरीस फलकावर लागणाऱ्या या कागदाने कोणाला मोठे ठरवले, कोणाकडे दुर्लक्ष केले आणि कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या एका गावाला काय मिळवून दिले, त्याचा हा धागा.

२/
प्रथम हंगामांची ओळख करून घेऊ. अमेरिकन हायस्कूलमधील धावपटूच्या वर्षाचे दोन मुख्य भाग असतात. शरद ऋतूत क्रॉस कंट्री : माळ, टेकड्या, उद्यानांतील मातीच्या वाटा, अंतर साधारण ५ किलोमीटर. वसंत ऋतूत ट्रॅक : आखीव वर्तुळाकार मार्ग, वेगवेगळ्या अंतरांच्या शर्यती, शिवाय उड्या आणि फेकी. ट्रॅकचा हंगाम मे-जूनमध्ये संपतो. आधी शेजारच्या शाळांची लीग, मग विभाग, शेवटी राज्य. प्रत्येक पायरीवर बरीच मुले गळतात आणि उरलेल्यांच्या कामगिरीवर शाळेचे स्थान ठरते.

३/
ट्रॅकच्या गुणतालिकेचा एक स्वभाव आहे : तिला घड्याळ दिसत नाही. दोन शाळांच्या सामन्यातील जुनी प्रचलित पद्धत म्हणजे पहिल्याला ५ गुण, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १. मोठ्या स्पर्धांत अधिक क्रमांकांना गुण मिळतात, पण तत्त्व तेच. मैलाची शर्यत ४ मिनिटांत जिंकली तरी ५ गुण आणि ५ मिनिटांत जिंकली तरी ५ गुण. पहिला आणि दुसरा यांच्यात एका पावलाचे अंतर असो वा अर्ध्या फेरीचे, तालिकेत ते २ गुणांचेच राहते.

४/
याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जिम रायन. कॅन्सस राज्यातील विचिटा शहरातला, ईस्ट हायस्कूलचा मुलगा. त्याआधीच्या शाळेत त्याला संघात जागा मिळाली नव्हती. चर्चच्या बेसबॉल संघातूनही त्याला वगळले होते. हायस्कूलमध्ये तो क्रॉस कंट्रीकडे वळला, आणि पहिल्या चाचणीत त्याला एक मैल धावायला ५ मिनिटे ३८ सेकंद लागली. प्रशिक्षक बॉब टिमन्स यांनी मात्र त्याच्यापुढे एक अचाट ध्येय ठेवले : शाळेत असतानाच चार मिनिटांच्या आत मैल.

५/
५ जून १९६४. कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन येथील शर्यतीत एकाच वेळी आठ धावपटूंनी चार मिनिटांची मर्यादा मोडली. असे त्यापूर्वी कधीही घडले नव्हते. त्या आठांतला शेवटचा होता १७ वर्षांचा रायन, वेळ ३ मिनिटे ५९.० सेकंद. हायस्कूलमधल्या मुलाने चार मिनिटांच्या आत मैल धावण्याची ही पहिलीच वेळ. आता गंमत पाहा. ५-३-१ च्या हिशोबाने आठव्या क्रमांकाला मिळतो भोपळा. शालेय धावेच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला मैल तालिकेच्या लेखी शून्य किमतीचा ठरला असता!

६/
पुढच्या वर्षी, १५ मे १९६५ रोजी, कॅन्ससच्या राज्य स्पर्धेत रायनने ३:५८.३ ही वेळ दिली. या वेळी शर्यतीत फक्त शाळकरी मुले होती. २७ जूनला सॅन डिएगो येथे त्याने ३:५५.३ अशी वेळ नोंदवून ऑलिंपिक विजेत्या पीटर स्नेललाही मागे टाकले. अमेरिकन हायस्कूलचा हा विक्रम ३६ वर्षे टिकला. २००१ मध्ये ॲलन वेबने ३:५३.४३ अशा वेळेसह तो मोडला. रायनचे नाव विक्रमांच्या यादीने अमर केले. शाळेच्या तालिकेत मात्र राज्य स्पर्धेतला तो अफाट मैल म्हणजे एका पहिल्या क्रमांकाचे गुण, एवढेच.

७/
म्हणजे इतिहास सांगणारे दोन कागद आपल्यासमोर आहेत. विक्रमांची यादी विचारते, ‘सर्वांत वेगवान कोण?’ गुणतालिका विचारते, ‘तुमच्याकडे किती जण आहेत?’ ट्रॅकवर या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर धूसर होते, कारण तिथे लांब पल्ल्याच्या धावपटूंचे गुण वेगवान धावा, रिले, उड्या आणि गोळाफेक यांच्या गुणांत मिसळून जातात. क्रॉस कंट्रीत तो प्रश्न एकटा उरतो आणि म्हणून तिथली तालिका अधिक काटेकोर, काहीशी निष्ठुरही आहे.

८/
क्रॉस कंट्रीचा हिशोब असा. प्रत्येक संघाचे सात जण धावतात. त्यांतील पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजेता. पहिले पाचही क्रमांक एकाच शाळेचे असतील तर बेरीज १५; याहून कमी गुण मिळणे अशक्य. एक कल्पित उदाहरण घेऊ. ‘अ’ शाळेचे धावपटू १, २, ३, २० आणि ४० या क्रमांकांवर आले : बेरीज ६६. ‘ब’ शाळेचे ९, १०, १२, १४ आणि १६ वर : बेरीज ६१. पहिली तिन्ही पदके ‘अ’ची, तरी करंडक ‘ब’चा.

९/
या उदाहरणात ‘अ’ शाळेला कोणी हरवले? तिच्या पाचव्या धावपटूने. त्याने फक्त सहा जणांना मागे टाकले असते, तर बेरीज ६० होऊन निकाल फिरला असता. आघाडीवर फार तर एका क्रमांकाची कमाई शक्य असते. मधल्या गर्दीत मात्र शेवटच्या दोनशे मीटरांत दहा-पंधरा जणांना गाठता येते. सहावा आणि सातवा यांचे क्रमांक बेरजेत धरत नाहीत. पण ते प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याची बेरीज फुगवतात. बरोबरी झाली तर निवाडा सहाव्याच्या क्रमांकावर होतो. टाळ्या पहिल्याला मिळतात, पण निकाल पाचव्याच्या पायांत असतो.

१०/
या खेळाचा उगम इंग्लंडच्या निवासी शाळांत झाला. श्रूजबरी शाळेतील मुलांच्या दौडीला ‘हंट’ म्हणजे शिकार म्हणत, आणि तिच्या लेखी नोंदी १८३०च्या दशकापर्यंत मागे जातात. रग्बी शाळेची ‘क्रिक रन’ही त्याच दशकातली. काही मुले ससे बनून पुढे पळत, बाकीची शिकारी कुत्र्यांसारखी त्यांचा माग काढत. उमरावांच्या शिकारीची ही मुलांनी केलेली नक्कल होती. शिकारीची टोळी एकत्र धावते, विखुरलेली टोळी निरुपयोगी ठरते. सांघिक धावेची कल्पना या खेळात बीजरूपाने आधीच होती.

११/
प्रौढांच्या क्लबांनी हा खेळ उचलला. १८७६ मध्ये एपिंगच्या जंगलात पहिली इंग्लिश राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि धावपटू वाट चुकल्याने ती रद्दबातल ठरवावी लागली! पुढच्या वर्षापासून मात्र ती रीतसर सुरू झाली. १९०३ मध्ये स्कॉटलंडमधील हॅमिल्टन येथे आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली. १९१२ मध्ये क्रॉस कंट्री ऑलिंपिकमध्ये पोहोचली. आणि १९२४ मध्ये पॅरिसने गुणतालिकेचे सामर्थ्य साऱ्या जगाला दाखवले.

१२/
१० जुलै १९२४. असह्य उकाडा. ३८ जण धावायला निघाले, फक्त १५ जणांनी शर्यत पूर्ण केली. फिनलंडचा पावो नुर्मी सहज पहिला आला, त्याचाच सहकारी विले रितोला दुसरा. परंतु सांघिक पदकासाठी तीन धावपटू पोहोचणे आवश्यक होते. फिनलंडचा तिसरा, हेइक्की लीमाताइनेन, अखेरच्या टप्प्यात भान हरपून थांबला, उलट दिशेला वळला आणि मग कसाबसा चालत रेषेपलीकडे गेला. क्रमांक बारावा. सांघिक सुवर्ण फिनलंडला मिळाले ते त्या बाराव्यामुळे. नुर्मी एकटा कितीही वेगाने धावला असता, तरी ते पदक त्याच्या हाती नव्हते.

१३/
त्या दिवशीचे कोसळलेले धावपटू पाहून क्रॉस कंट्री ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. शाळांत मात्र ती रुजतच गेली, आणि याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. मैदान नको, महागडी साधने नकोत, उंची वा धिप्पाड देह नको. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाच जण खेळतात आणि बाकीचे बाकावर बसतात. क्रॉस कंट्रीच्या सरावात बाकच नसतो. ज्याला धावायचे आहे तो धावतो. निवड फक्त स्पर्धेच्या दिवशी होते.

१४/
शिकागोजवळच्या एल्महर्स्ट येथील यॉर्क हायस्कूलचे प्रशिक्षक जो न्यूटन यांनी हेच सूत्र टोकाला नेले. अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी प्रशिक्षण दिले आणि इलिनॉय राज्याची २८ क्रॉस कंट्री विजेतेपदे मिळवली. संघात दीड-दोनशे मुले असत. राज्य स्पर्धेत धावणार सातच, हे सर्वांना ठाऊक. तरी न्यूटन रोज प्रत्येक मुलाशी हस्तांदोलन करीत, प्रत्येकाला टोपणनाव देत. १९८८ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या प्रशिक्षकवर्गात त्यांची नेमणूक झाली. एकशे ऐंशीवा मुलगा टिकला तर त्याच्या वरचा एकशे एकोणऐंशीवा जागा राहतो, आणि ही जाग वर चढत चढत पाचव्यापर्यंत पोहोचते.

१५/
पण गुणतालिकेत बसण्यासाठी आधी तालिका असावी लागते. मुलींसाठी ती बराच काळ नव्हतीच. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर धाव झाली. स्त्रिया थकून पडल्या, अशी ओरड झाली आणि १९६० पर्यंत ती शर्यत बंद राहिली. (चार वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये पुरुषही कोसळले होते, त्यावरून पुरुषांच्या लांब धावा निसर्गविरुद्ध ठरल्या नाहीत.) १९७१-७२ मध्ये अमेरिकन हायस्कूलांत खेळणाऱ्या मुलींची संख्या सुमारे २ लाख ९४ हजार होती, मुलांची ३६ लाखांहून अधिक.

१६/
२३ जून १९७२ रोजी ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद करण्यास त्याने मनाई केली. अवघ्या दशकभरात खेळणाऱ्या मुलींचा आकडा १८ लाखांपलीकडे गेला. मुली १९७२ नंतर अचानक धावायला शिकल्या असे नव्हे. त्यांच्या क्रमांकांची बेरीज करणारा कागद तेव्हा छापला जाऊ लागला. ज्यांची मोजदाद होत नाही त्यांच्यासाठी प्रशिक्षक नेमला जात नाही, बस सुटत नाही, गणवेश शिवला जात नाही.

१७/
आता या धाग्याच्या मुख्य गावाकडे वळू. मॅकफार्लंड, कर्न परगणा, कॅलिफोर्नियाचे मध्य खोरे. ९९ क्रमांकाचा महामार्ग गावाला मधोमध चिरत जातो. भोवती द्राक्षे, बदाम, संत्री, कापूस. १९९० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ७ हजार, बहुसंख्य कुटुंबे मेक्सिकन मुळांची, उपजीविका शेतमजुरी. जमीन सपाट, उन्हाळा भाजून काढणारा. शाळकरी मुलेही आईवडिलांबरोबर शेतात राबत : कोणी पहाटे शाळेआधी, कोणी सुटीच्या दिवशी.

१८/
हे गाव इतिहासाच्या वाटेवरच वसलेले आहे. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकन मजूर करारावर अमेरिकेच्या शेतांत आणले गेले. मॅकफार्लंडपासून दहा-बारा किलोमीटरवरील डेलानो येथे ८ सप्टेंबर १९६५ रोजी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला. थोड्याच दिवसांत सेझर चावेझ यांची संघटना त्यात सामील झाली. १९६६ मध्ये मजूर डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत पायी गेले. पाठीचा कणा मोडणारी आखूड दांड्याची कुदळी कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये बंद झाली. मॅकफार्लंडची धावणारी मुले याच पिढीच्या घरांतली.

१९/
जिम व्हाइट हे शिक्षक १९६४ मध्ये या गावात आले आणि इथेच राहिले. १९८० मध्ये त्यांनी शाळेचा क्रॉस कंट्री संघ हाती घेतला. मुले धावत आणि व्हाइट सायकलवरून त्यांच्या बाजूने जात. सरावाचा तास आणि मजुरीचा तास एकाच दिवसातून काढायचे होते. ज्या घरात मुलाची कमाईही मोजली जाते, तिथे धावायला जाणे हा फुकटचा छंद नसतो. मुलगा संघात टिकणे हा त्यामुळे त्याच्या कुटुंबाचाही निर्णय असे.

२०/
इथे तालिकेची रचना महत्त्वाची ठरते. कॅलिफोर्नियाच्या ट्रॅकच्या राज्य स्पर्धेत लहान-मोठ्या सर्व शाळा एकाच पंगतीत बसतात. वेगवान धावपटूंचे ताफे बाळगणाऱ्या मोठ्या शहरी शाळांपुढे छोट्या गावाला सांघिक विजेतेपदाची आशा जवळजवळ नसते. क्रॉस कंट्रीत मात्र पटसंख्येनुसार गट पाडले जातात आणि मोजले जातात ते फक्त लांब पल्ल्याचे पाच धावपटू. मॅकफार्लंडला एखादा जिम रायन नको होता. हवी होती एकमेकांना न सोडणारी पाच मुले.

२१/
१९८७ पर्यंत कॅलिफोर्नियात क्रॉस कंट्रीची राज्य स्पर्धाच नव्हती. विभागापुढे वाट संपत असे. त्या वर्षी पहिली राज्य स्पर्धा फ्रेस्नो शहरातील वुडवर्ड पार्कमध्ये भरली. मॅकफार्लंडपासून ९९ क्रमांकाच्या त्याच महामार्गाने उत्तरेकडे गेले की फ्रेस्नो लागते. मॅकफार्लंडच्या मुलांनी आपल्या गटाचे सांघिक विजेतेपद पटकावले. राज्यभराची तालिका पहिल्यांदा छापली गेली आणि तिच्या माथ्यावर शेतमजुरांच्या गावाचे नाव आले. १९८७ ते २००१ या काळात व्हाइट यांच्या संघाने अशी ९ राज्य विजेतेपदे मिळवली.

२२/
एकदाचा विजय म्हणजे गुणी मुलांची एक तुकडी, असे म्हणता येते. पंधरा वर्षांत नऊ विजय म्हणजे व्यवस्था. शाळेत मूल चार वर्षे असते. म्हणजे या काळात संघ अनेकदा पूर्ण बदलला. थोरला भाऊ गेला की धाकटा आला, चुलतभाऊ आला, शेजारचा आला. आजचा सातवा उद्याचा पाचवा आणि परवाचा पहिला. धावपटूंपैकी अनेक जण महाविद्यालयात गेले आणि काही जण शिक्षक होऊन त्याच गावात परतले.

२३/
२०१५ मध्ये या कथेवर ‘मॅकफार्लंड, यूएसए’ हा चित्रपट आला. दिग्दर्शन निकी कॅरो यांचे. केव्हिन कॉस्टनर यांनी व्हाइट यांची भूमिका केली. चित्रपटात व्हाइट १९८७ मध्ये नोकरी गमावून गावात येतात आणि त्याच वर्षी करंडक जिंकतात. वास्तवात त्यांना गावात येऊन तोवर २३ वर्षे झाली होती आणि संघ सांभाळून ७. एका हंगामाचा चमत्कार पडद्यावर शोभतो. पण बाहेरून आलेला तारणहार आणि गावात मुरलेला शिक्षक यांत फार अंतर आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते २३ वर्षांचे अंतर गाळू नये.

२४/
आणखी एक सावधगिरी. ‘शेतातल्या कष्टांनी ही मुले काटक झाली, म्हणून जिंकली,’ असे म्हणणे सोपे आहे. तसे असते तर त्या खोऱ्यातील मजुरांची प्रत्येक वस्ती विजेती ठरली असती. मजुरी शरीर झिजवते. मॅकफार्लंडमध्ये वेगळे होते ते सातत्य : तोच शिक्षक, रोजचा सराव, आणि आपल्या पाचव्याला मागे न सोडण्याची सवय. गरिबीला प्रशिक्षण म्हणून गौरवणे हा त्या आईवडिलांवर अन्याय आहे. आपल्या मुलांना त्या शेतातून बाहेर पडता यावे म्हणूनच तर त्यांनी त्यांना धावू दिले.

२५/
तेव्हा मित्रहो, एखाद्या जुन्या शालेय स्पर्धेची तालिका हाती आली तर पहिल्या नावावर थांबू नका. पाचवे नाव शोधा. पहिला आणि पाचवा यांच्यात किती क्रमांकांचे अंतर आहे ते पाहा. संघ कसा घडला होता ते तिथे कळेल. पुढच्या वर्षीची तालिका शेजारी ठेवा. कोण वर चढला, कोण गळाला ते दिसेल. मग विचारा की या कागदावर कोणाच्या नावाला जागाच ठेवलेली नव्हती.

२६/
रायनचा मैल, नुर्मीचे पदक आपण लक्षात ठेवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु लीमाताइनेनचा बारावा क्रमांक आणि मॅकफार्लंडच्या नऊ संघांतील नऊ पाचवे धावपटू हाही इतिहासच आहे. त्यांच्यासाठी फीत ताणून कोणी उभे नव्हते. ते गर्दीत आले, कोणाच्या तरी खांद्यावर कोसळले, आणि बेरीज झाल्यावर त्यांना कळले की आपण जिंकलो.